वडशाहून फोन

"काल रेडिओवर तूच बोलून राहिली होतीस ना गं?"

काकू भिंतीपलीकडे तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आमच्या दोन घरांमधली ही भिंत कमरेएवढी. तिच्यावर उन्हाळ्यात पापडांचं ताट असतं आणि थंडीत सोल्यांचं सूप. बाकी बाराही महिने दोन्ही बाजूंची कोपरं.

"मीच होते. कशी झाली मुलाखत?"

"चांगली झाली. पण तो गाणारा मधेच विहिरीत पडल्यासारखा का वाटायला लागला? आमचे हे म्हणे, सेल उतरले. नवे टाकले, तरी तो विहिरीतच."

"सेल नव्हते उतरले काकू. त्यांना मागं सरकवलं होतं."

"अगं बाई! चालू कार्यक्रमात?"

चालू कार्यक्रमातच. नाटकात गाणारा माणूस तो. शेवटच्या रांगेत बसलेल्याला तान पोचली पाहिजे, असा वर्षानुवर्षांचा सराव. इथे श्रोता माइकच्या रूपानं नाकासमोर वीतभर अंतरावर. पहिल्याच तानेला काचेपलीकडच्या मीटरचा काटा लाल पट्ट्यात गेला. कन्सोलवरच्या इंजिनिअरनं तिकडून दोन्ही हातांनी ढकलल्याची खूण केली, मी ती इकडे पुढे ढकलली. गायक एक पाऊल मागं गेले. त्यांना वाटलं, आपलं गाणं रंगतंय म्हणून जागा करून देताहेत. त्यांनी आणखी जोर लावला. आणखी एक पाऊल. शेवटची तान त्यांनी स्टुडिओच्या दाराला पाठ लावून घेतली.

"पण होता कोण तो?"

"नाव सुरुवातीलाच सांगितलं होतं की."

"तेव्हा कुकर होऊन राहिला होता."

"म्हणून तर दर पाच-सात मिनिटांनी पाहुण्यांचं नाव परत घ्यावं लागतं. कोणी मधेच रेडिओ लावतं, कोणी मधेच भाजी परततं. मी तीनदा घेतलं."

"तीन शिट्ट्या झाल्या," काकू म्हणाल्या. "जाऊ दे. आता तर कोणी नाही ऐकायला, सांग."

मी नाही सांगितलं. पुढे जे सांगायचं होतं ते ऐकलं असतं, तर तुम्हीही नसतं सांगितलं.

विषय होता संगीत नाटक कसं बसवतात. आपल्याच गावातले तीन पाहुणे. एक दिग्दर्शक, राज्य नाट्य स्पर्धेतल्या संगीत नाटकांच्या गटासाठी नाटक बसवणारे. दुसरे हे गायक नट. तिसरे ऑर्गनवाले आजोबा, वय पंचाहत्तरीच्या पुढे, बोटं मात्र विशीतली. असा कार्यक्रम आखला की वरून पहिली सूचना येते ती ठरलेली: संगीत नाटकाला उतरती कळा का लागली, ते विचारा. गेली पन्नास वर्षं हा प्रश्न विचारला जातोय आणि दर वेळी उत्तर देणारा उसासा टाकतो. उसाशाचा रेडिओवर काही उपयोग नाही. नुसता वारा ऐकू येतो.

"मग काय विचारायचं ठरवलं होतंस?"

"कसं, एवढंच. पद कुठं घालायचं ते कसं ठरवता? पट्टी कशी जमवता? 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारलं की माणूस 'खूप छान वाटतं' म्हणतो आणि गप्प बसतो. 'कसं करता' विचारलं की त्याचे हात हलायला लागतात. हात हलले की बोलणं सुटतं."

"पण त्या डायरेक्टरनं तर भाषणच सुरू केलं!"

केलं ना. घरून चार पानं लिहून आणली होती. विष्णुदास भाव्यांचं १८४३ चं सांगलीचं 'सीतास्वयंवर', मग अण्णासाहेब किर्लोस्कर, ३१ ऑक्टोबर १८८०, पुणं, 'शाकुंतल'. सगळं खरं, सगळं पाठ आणि प्रत्येक पान उलटताना माइकवर वादळ. त्यात नाटकाच्या धंद्यातले शब्द पाहा तुम्ही: पद, पट्टी, पेटी, पडदा, प्रवेश, प्रयोग. सगळे प वाले. माइकच्या तोंडावर तोंड ठेवून 'पहिला प्रयोग' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात दोन फटाके. पाहुण्याला माइकशी जरा तिरकं बसवायचं असतं ते त्यासाठी. तिरकं बसवलं, तर ते माझ्याशी बोलण्यासाठी पुन्हा सरळ झाले.

"मग तू त्यांना तोडलंस. ऐकलं मी. 'शाकुंतलात दोनशेच्या घरात पदं होती, तुमच्या नाटकात किती?' मी म्हटलं, बरी अडवली."

"अडवायचं नव्हतं हो. पानातून बाहेर काढायचं होतं."

आणि निघाले बाहेर. म्हणाले, लिहिली तेव्हा एकोणीस होती, आता सात उरली. मी विचारलं, बाकीची कुठं गेली? तिथून गृहस्थ जे बोलायला लागले! पानं बाजूला पडली. म्हणाले, तालमीत नटाला विचारायचं, हे तू नुसतं बोललास तर भागेल का? 'भागेल' म्हणाला तर पद कापायचं. 'नाही भागत' म्हणाला तर ठेवायचं. नायिका दार उघडून 'कोण आलंय' म्हणते तिथं पद नको. आलेला माणूस सात वर्षांनी आलाय आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, तिथं पाहिजे.

काकूंचा हात थांबला. "पण जुन्या नाटकात तर उठता-बसता गायचे."

"त्याचं कारण पण सांगितलं ना त्यांनी. किर्लोस्करांच्या आधी भाव्यांच्या पद्धतीत गाणं सूत्रधाराकडे असायचं. तो एका बाजूला उभा राहून सगळ्यांच्या वतीनं गायचा, पात्रं वावरायची. किर्लोस्करांनी पारशी मंडळींचं गाण्याचं नाटक पाहिलं आणि ठरवलं, ज्याचं दुःख त्यानंच गायचं. नवीन गंमत हाती लागली, मग दोनशे पदं झाली तर काय नवल? शिवाय 'वन्स मोअर'. बालगंधर्वांच्या नाटकांना पहाट व्हायची ती उगीच नाही."

"आमच्या सासूबाई सांगायच्या," काकू म्हणाल्या, "त्यांच्या माहेरी बालगंधर्वांच्या रेकॉर्डी होत्या. रेडिओ मागाहून आला. नागपूरचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं तेव्हा वाड्यातल्या सगळ्या बाया एका खोलीत. गाणं सुरू झालं की म्हणायच्या, यात पेटी कुठे आहे?"

काकूंच्या सासूबाईंचा कान पक्का होता असं म्हणायला हवं. नागपूर केंद्र सुरू झालं १६ जुलै १९४८ ला. आणि पेटीला सरकारी रेडिओवर बंदी होती १९४० पासून. कार्यक्रमात मी हे सांगितलं तेव्हा ऑर्गनवाल्या आजोबांनी माइकवर स्पष्ट 'हुं' केलं. ते 'हुं' माझ्या मते कालच्या मुलाखतीतलं सगळ्यात चांगलं वाक्य.

"बंदी? पेटीनं काय बिघडवलं होतं त्यांचं?"

"म्हणे, तिचे सूर ठोकून बसवलेले. आपल्या गाण्यातली मींड नाही निघत, श्रुती नाहीत, वाद्यही परदेशी. इंग्रजांच्या राज्यात बंदी आली, इंग्रज गेले आणि बंदी राहिली. १९५२ ते ६२ माहिती-नभोवाणी खात्याचे मंत्री होते केसकर, आपलेच मराठी. त्यांनी पेटी तर परत आणली नाहीच, वर सिनेमाची गाणीही बंद केली."

"हां! म्हणून आम्ही सिलोन ऐकायचो. बुधवारी रात्री बिनाका."

"सगळा देशच ऐकायला लागला, तेव्हा १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. पेटीला मात्र १९७१ पर्यंत ताटकळत ठेवलं, आणि तेव्हाही साथीपुरतंच आत घेतलं."

यातली खरी मौज पाहा. 'मानापमान' १९११ चं. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या आणि टेंबे मुळात पेटीवाले. म्हणजे ज्या पेटीवर ती पदं जन्मली, ती पेटी वगळून ती पदं तीस वर्षं हवेत सोडायची. काल मी हे बोलले तेव्हा काचेपलीकडे आमचे ड्यूटी ऑफिसर जरा सरसावून बसले. जुन्या गोष्टीलाही सरकारी माणूस सरसावतो.

"आजोबांनी ते वाजवून दाखवलं ना बोलण्याखाली, ते मला फार आवडलं," काकू म्हणाल्या. "परत सांग, मला नीट कळलं नाही. यांनी तेव्हाच सेल काढले होते."

मला तर रात्री झोपेतही तेच ऐकू येत होतं. मी आजोबांना विचारलं होतं की नट बोलता बोलता एकदम बरोबर सुरात गायला कसा लागतो, त्याला सूर देतं कोण? ते म्हणाले, मी देतो, पण लोकांना कळू देत नाही. मग दिग्दर्शकांना म्हणाले, बोला तुमचं वाक्य. ते आपल्या नाटकातलं स्वगत बोलायला लागले. तीन-चार वाक्यं होईतो नुसतं बोलणं. मग खालून षड्ज आला, इतका बारीक की मला हेडफोनमध्येसुद्धा आधी पंखाच वाटला. बोलणाऱ्याचा आवाज आपोआप त्या सुराच्या आसपास यायला लागला. शेवटच्या शब्दापर्यंत तो जवळजवळ गातच होता. तेवढ्यात आजोबांनी पंचम जोडला आणि तिकडून गायक नटानं पद उचललं. शिवण कुठं होती ते सापडेना.

आजोबा म्हणाले, सूर लवकर दिला तर प्रेक्षक सावरून बसतो, आता गाणार म्हणून. उशिरा दिला तर नट चाचपडतो. आणि नट चुकला तर त्याच्या मागे जायचं, त्याला ओढून आपल्याकडे आणायचं नाही. मी तिथे बसल्या बसल्या माझे पुढचे चार प्रश्न खोडले. मुलाखत घेणाराही पाहुण्याच्या बोलण्याखाली एवढंच करू शकतो, आणि आमच्यातले बरेच जण तिथे ताना मारतात.

"तू नाही मारल्यास," काकू म्हणाल्या. "पण ते हिरॉइनचं काय झालं? ते अर्धवट राहिलं."

ते हवेत अर्धवटच ठेवायचं होतं. भिंतीवर पुरं करायला हरकत नाही. आधीची नायिका काळी पाचमध्ये गायची. तिचं लग्न जमलं, ती पुण्याला. नवी आली ती काळी चारची. तुम्हाला वाटेल एका सुरानं काय होतं? तिची एकटीची पदं खाली आणली, तिथवर ठीक. पण नायकाबरोबरचं जे द्वंद्वगीत आहे तेही खाली आलं आणि नायकाचा खर्ज जमिनीला लागला. गायक नट म्हणाले, मी नाही गाणार. नायिका म्हणाली, मी वर नाही जाणार. तबलजी म्हणाला, माझा तबला त्या पट्टीचा नाही, दुसरा आणावा लागेल. तीन आठवडे तालीम त्या एका गाण्यावर अडून. शेवटी दिग्दर्शकांनी काय केलं असेल?

"पद कापलं."

"बरोबर! म्हणून सात. नाही तर आठ होती."

काकू इतक्या हसल्या की चार सोले माझ्या बाजूला उडाले. सिनेमात हे दुखणं नाही. 'कट्यार काळजात घुसली' या नाटकावरचा २०१५ चा सिनेमा घ्या. खाँसाहेबांचं काम सचिन पिळगावकरांचं आणि गळा राहुल देशपांड्यांचा. पडद्यावर चालतं. रंगभूमीवर जो तलवार उपसतो त्यालाच तान घ्यावी लागते, आणि तलवार उपसून तान घेतली तरी धाप लागू द्यायची नाही. तसा माणूस शोधणं हेच अर्धं नाटक बसवणं. नुसता गवई घेतला तर तो पद संपलं की उभ्याउभ्या विझतो. नुसता नट घेतला तर प्रेक्षक त्याच्या बोलण्याला टाळ्या देतात आणि गाण्याला खोकतात.

"आपल्या वसंतरावांना नाही लागायचं हे दुखणं."

काकूंच्या तोंडी 'आपले' हे विशेषण फार थोड्या माणसांना लागतं. काकांनाही क्वचितच. वसंतराव देशपांडे जन्माचे मूर्तिजापूरचे, १९२० चे. पण वाढले नागपुरात, गाणं शिकायला बसले ते इथं शंकरराव सप्र्यांकडे. त्या लहानपणीच भालजी पेंढारकरांनी त्यांना 'कालियामर्दन' सिनेमात कृष्ण केलं. पुढं मात्र मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी. १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आलं तेव्हा खाँसाहेब उभे करणारा हा माणूस सत्तेचाळीस वर्षांचा होता. आणि ते नाटक लिहिलं आपल्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनी.

"दारव्हेकर मास्तर!" काकू एकदम ताठ झाल्या. "आमच्या महालात त्यांना नुसतं मास्तर म्हणायचे. शाळेत शिकवायचे ना. त्यांच्या रंजन कला मंदिरात आमच्या शेजारचा मुलगा जायचा. भाला घेऊन उभं राहायचं काम, पण ऐट अशी की जसा नाटकाचा मालकच."

"तेच मास्तर. आकाशवाणीतही होते काही काळ. दोन घराण्यांचं भांडण लिहायचं म्हणजे दोन्ही गळे रंगमंचावर ऐकू यायला पाहिजेत, हे त्यांनी लिहितानाच ओळखलं होतं. अभिषेकीबुवांनी मग एकाच पदाला दोन चाली दिल्या. एक पंडितजींची, एक खाँसाहेबांची. शब्द तेच. प्रेक्षकाला घराणं म्हणजे काय हे व्याख्यान न देता कळलं पाहिजे ना?"

कालच्या गायक नटांनी इथे तोंड उघडलं. म्हणाले, खाँसाहेबांच्या कामासाठी माझं नाव मागे बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. मी विचारलं, मग? ते म्हणाले, मग काय, लोकांना पारख नाही. पुढे पाच मिनिटं पारख नसलेल्या लोकांची यादी. काकू, ज्यांची नावं घेतली त्यातले दोघं कार्यक्रम ऐकत होते, त्यांनी नंतर फोन केले.

"आता कळलं मला कोण ते," काकू डोळे बारीक करून म्हणाल्या. "धरमपेठेतला. केस रंगवतो."

मी शेंगा सोलायला घेतल्या.

शेवटची वीस मिनिटं फोनची होती. थेट कार्यक्रमात फोन घेणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. पहिल्या बाईंनी गाण्याची फर्माईश केली. मी म्हटलं, ताई, आज फर्माईश नाही, आज नाटक बसवण्यावर गप्पा आहेत. त्या म्हणाल्या, बरं, मग गप्पा झाल्यावर लावा. दुसऱ्या फोनवर घरातला रेडिओ मोठ्यानं सुरू, माझाच आवाज माझ्या कानात परत येतोय. त्याला रेडिओ बारीक करा म्हणेपर्यंत लाइन कटली. आणि मग तिसरा.

"वडशाचा!"

"तुम्ही ऐकला?"

"ऐकला म्हणजे काय! यांना हाक मारली मी आतून."

त्या फोनच्या आधी दिग्दर्शकांनी तो ठरलेला उसासा शेवटी टाकलाच होता. मी विचारलं नव्हतं, त्यांचा त्यांनीच. प्रेक्षक उरला नाही, संगीत नाटकाला तिकीट काढून कोणी येत नाही, आम्ही आपलं धरून ठेवलंय. आणि पलीकडून एक आवाज आला: "ताई, मी वडशाहून बोलून रायलो. हे साहेब कोन्या नाटकाबद्दल सांगून रायले? आमच्याकडे दिवारी झाली का नाटकं सुरू होते, ते पार होरीपावतर. मंडई रायते, शंकरपट रायते, घरी पावने रायते. रातभर नाटक चालते. तिकीट काढून पायते लोकं. गाने नसन त मानसं उठून जाते."

स्टुडिओत तीन सेकंद कोणी बोललं नाही. रेडिओवर तीन सेकंद फार होतात. काचेपलीकडे हात वर गेले.

झाडीपट्टीची रंगभूमी आपल्या एवढ्या जवळ. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, चारही जिल्हे आपलेच. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक कंपन्यांची दुकानं असावीत तशी कार्यालयं. गावोगावची मंडळं येतात, प्रयोग ठरवून जातात. पुढ्यात पेटी-ऑर्गन, तबला, आता ऑक्टोपॅडही. रात्री दहा-साडेदहाला सुरू झालेलं पहाटे संपतं. थंडीत, उघड्यावर, खाली बसून. आधी दंडार होती, खडी गंमत होती, त्या लोककलांतली गाण्याची चटक या नाटकांत उतरली. आणि इथं शहरात आम्ही संगीत नाटकाचा इतिहास सांगताना पुणं, मुंबई, सांगली करतो, फार तर गोवा. नागपुरात २०१९ ला अखिल भारतीय नाट्यसंमेलन झालं, इतकी माणसं आली. पण उमरेडच्या पुढे नाटकाची गाडी जाते हे आपल्या बोलण्यात नाही येत. मला तर वाटतं आपल्याला ते नाटक कमअस्सल वाटतं, एवढंच. त्यात लावणी असते, विनोद ढोबळ असतो, रडणं मोठ्यानं असतं. पण मग 'सौभद्र' पाहायला येणारे काय संन्यासी होते?

"पद्मश्री मिळाली ना त्यातल्या एकांना?" काकूंनी विचारलं. "पेपरात फोटो होता."

"परशुराम खुणे. २०२३ मध्ये. तेवढ्यापुरता आपल्या पेपरात वडसा आला."

"पण खरी मजा पुढेच झाली ना गं? ते आजोबा हसायला लागले ते कशाला? यांचं म्हणणं, ठसका लागला."

ठसका नव्हता. फोनवाल्याचं बोलणं संपता संपता आजोबा ऑर्गनवर हात ठेवून हसायला लागले आणि म्हणाले, "अरे, मी ओळखला याचा आवाज. याच्या गावात मागच्या साली वाजवलं मी."

दिग्दर्शक त्यांच्याकडे वळले. माइक सोडून वळले, पण ऐकू यायचं ते गेलंच. "तुम्ही? तुम्ही तर हिवाळ्यात लेकीकडे जाता ना भंडाऱ्याला?"

आजोबा शांतपणे म्हणाले, "लेकीकडे उतरतो. वाजवायला वडशाला जातो."

काकू, गेली कित्येक वर्षं हे दिग्दर्शक दिवाळीनंतर तालमी लांबवतात. का, तर आजोबांची लेक. एकदा तर तिच्या बाळंतपणाचं कारण होतं. दिग्दर्शकांनी बाळाला अंगडं-टोपडं पाठवलं होतं. ते हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर सरसर मांडले जाताना मी पाहत होते, आणि घड्याळ सांगत होतं, बातम्यांना चाळीस सेकंद. बातम्या कोणाच्या बाळंतपणासाठी थांबत नाहीत. त्या सेकंदाला आपण नाही संपवलं तर कन्सोलवरून आपल्याला संपवतात, मग 'कार्यक्रम इथेच संप' असं ऐकू जातं.

"तू काय केलंस?"

"फोनवाल्याला विचारलं, दादा, पुढचं नाटक कधी? तो म्हणाला, शनवारी. मी म्हटलं, श्रोतेहो, शनिवारी. आभार मानले, तिघांची नावं घेतली आणि फेडर खाली. लाल दिवा विझला तसा दिग्दर्शकांचा आवाज चढला."

"भांडले?"

"बाहेर टपरीवर अर्धा तास. आधी म्हणाले, तुम्ही माझा विश्वासघात केला. मग म्हणाले, आमच्या नाटकाला वाजवता ती चाल तिकडेही वाजवता का? आजोबा म्हणाले, तिकडची इकडे वाजवतो. तुम्ही 'व्वा' म्हणता ती जागा ब्रह्मपुरीकडची आहे. मग दिग्दर्शक जरा गप्प झाले. दुसरा चहा आला तेव्हा हळूच विचारलं, तिकडे माणसं किती असतात? तिसऱ्या चहाला विचारलं, पैसे किती देतात?"

"किती देतात?"

"ते मला ऐकू नाही आलं. गायक नट मधे उभे होते. ते विचारत होते, आपली तान हवेत नीट गेली ना."

काकू सूप उचलून पलीकडच्या पायरीवर ठेवून आल्या, म्हणजे आता महत्त्वाचं बोलणं. "आपण जायचं का गं शनिवारी? मी नाही पाहिलं कधी. नागभीडला माझी मावशी होती, तेव्हा त्या छोट्या रेल्वेनं जायचो. ती गाडी बंद पडली अन् जाणंच सुटलं. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी. रस्ता ठाऊक आहे मला."

"रात्रभर बसावं लागेल काकू. थंडी आहे."

"दोन शाली घेऊ. यांना नको नेऊया, हे अकरा वाजता जांभया देतात अन् दुसऱ्यांनाही द्यायला लावतात. पण ओळखीचं कोणी पाहिजे गं, पुढे बसायला. त्या आजोबांना विचार ना, यंदा कोणत्या कंपनीत आहेत. पण त्या डायरेक्टरला कळू देऊ नकोस. उगीच पुन्हा भांडण."

"आजोबांना सकाळीच फोन केला होता मी. ते निघालेत वडशाला."

"एकटे? या वयात?"

"नाही, दिग्दर्शकांच्या गाडीत. गाडी दिग्दर्शकच चालवताहेत."